आजाराचं कारण

सुगंधाने बोईसरच्या औषध कंपनीत सात वर्षं पुठ्ठ्याची खोकी दुमडली, दिवसाला दोन हजार. मनगटातली नस दबून उजव्या हाताची बोटं बधिर झाली, तेव्हा तिने नुकसानभरपाईचा अर्ज केला. कंपनीच्या डॉक्टरने तिचा हात हातात न घेताच अहवाल खरडला: "आजाराचा कामाशी संबंध नाही. कारण, घरी रोज भाकऱ्या थापणे." झालं, अर्ज फेटाळला.

तिचा नवरा हरेश्वर त्याच कंपनीत पिंपांची झाकणं पान्याने आवळायचा. तो उलट तिच्यावरच डाफरला, "डॉक्टर शिकलेला मानूस हाय, तो खोटं कशाला लिवेल? तुलाच कामाचा कंटाळा." सुगंधा त्याच बधिर हाताने भाकऱ्या थापत राहिली.

वर्षभरात हरेश्वरचंही मनगट गेलं. जन्मात कधी परातीला बोट न लावलेल्या या माणसाने मोठ्या ऐटीत अर्ज केला. आठवड्याभरात अहवाल आला. डॉक्टरने नाव तेवढं बदललं होतं, खालचा मजकूर जसाच्या तसा: "कारण, घरी रोज भाकऱ्या थापणे."

हरेश्वर ओटीवर बसून डॉक्टरच्या सात पिढ्या उद्धरू लागला. सुगंधाने आतून तांदळाच्या पिठाची परात आणली आणि त्याच्यासमोर ठेवली.



"शिकलेला मानूस हाय, तो खोटं कशाला लिवेल? बसा, थापा."