साहिलचा सर्व्हर

स्क्रीन फुटलेल्या जुन्या लॅपटॉपवर श्रुतिकानं कुडपण गावातल्या घरात सर्व्हर उभा केला. घरादाराचे फोटो, सातबारे, सगळं त्यात. आणि वीज खायचा झिरोच्या बल्बाएवढी. तिचे वडील, आप्पा, मात्र येईल त्या पाहुण्याला सांगत, "आमच्या साहिलनं बनवला. मुंबईला असतो ना!"

तिसऱ्या पाहुण्यासमोर श्रुतिकाचं डोकं सणकलं. तिनं तिथंच भावाला फोन लावून स्पीकरवर टाकला. "साहिल, आप्पांना सांग, हा सर्व्हर कुणी बनवला?"

"तूच की! मला काय कळतंय गो त्यातलं?"

आप्पा पाहुण्याकडे वळले.

"बघितलंत? सगळं स्वतः केलंन, पण नाव बहिणीचं सांगतो. मन मोठं हाय पोराचं!"