उणे पाच व्होल्ट

"हा नको," मिनेको म्हणाली, आणि ओचिआईचा चेहरा उतरला.

पॉवर सप्लायचा तो कोरा करकरीत डबा त्याने ओसाकाहून मुद्दाम मागवला होता. तीस अँपिअरचा, दुकानातला सगळ्यात दणकट. ताकामात्सुच्या स्टेशनमागे त्याचं गेम सेंटर होतं. चाळीस वर्षांपूर्वीचा 'चांद्रखाण' हा खेळ आज दुपारी तिथे पुन्हा सुरू होणार, अशी पाटी आठवडाभर दारावर झळकत होती. दोन वाजायच्या आतच बाहेर रांग लागली. सर्किट बोर्ड मात्र एकच, एका बंद पडलेल्या हॉटेलाच्या अडगळीत सापडलेला. दुसरा शोधूनही मिळाला नव्हता.

मिनेको कुवाबारा साठीची होती. असे बोर्ड जिथे बनत, त्या कारखान्यात तिने अकरा वर्षं सोल्डरिंग आणि तयार बोर्डांची तपासणी केली होती.

ओचिआईचं म्हणणं होतं की जुन्या मशीनची भूक मोठी असणार, ताकद कमी पडायला नको.

"अहो ओचिआई-सान, कमी पडली तर हा नुसता गप्प बसेल. पण आत कुठे शॉर्ट असला आणि तुमच्या या पैलवानाने तीस अँपिअर ओतले, तर तांब्याच्या रेघा जळून जातील. याला लागतात चार. शिवाय याच्या मेमरीला उणे पाच व्होल्ट लागतात. ती तार पैलवानाकडे कुठाय?"

ओचिआईने डबा उलटापालटा करून पाहिला. तार नव्हती.

तिने पिशवीतून स्वतःचा आणलेला सप्लाय काढला. सहा अँपिअरचा, हातात मावेल एवढा. तारा जोडल्या, एकेक पुन्हा ओढून पाहिली आणि बटण दाबलं.

टिक्. दिवा लागला आणि विझला. टिक्. पुन्हा विझला.

ओचिआईने हताशपणे आपला तीस अँपिअरचा डबा पुन्हा जवळ ओढला. मिनेकोचे डोळे मात्र चमकले. शॉर्ट खरंच होता, आणि हा चिमुकला सप्लाय स्वतःला आवरून बसला होता. बटण बंद करून ती मीटरची टोकं घेऊन बोर्डावर वाकली. कोपऱ्यात मसुराच्या दाण्याएवढा एक कपॅसिटर होता. तिथे मीटरचा आकडा जवळजवळ शून्यावर आला, म्हणजे शॉर्ट इथेच होता. तिने त्याचा एक पाय कापला.

बोर्डाचा भागच कापलेला पाहून ओचिआई धावत पुढे आला. असले वीस आहेत, एकावाचून अडत नाही, नवा उद्या लावू, असं तिने मान वर न करता सांगितलं.

पुन्हा बटण. या वेळी दिवा टिकला. पडद्यावर रंगीत कचरा उसळला, थरथरला. तिने सप्लायवर व्होल्ट मोजले, बरोबर पाच. मग बोर्डाच्या कडेला मोजले, चार पूर्णांक सात दशांश. तारांनीच वाटेत खाल्ले होते. बोर्डाकडे टोकं धरून तिने सप्लायचा बारीक स्क्रू केसभर फिरवला. चार पूर्णांक आठ. नऊ. पाच.

कचरा एकदम विरला. काळ्या आकाशात पिवळा चंद्र वर आला आणि स्पीकरमधून चार सुरांची तुतारी वाजली. बाहेरच्या रांगेला ती ऐकू गेली असावी, कारण दारापलीकडे टाळ्या सुरू झाल्या.

ओचिआई उभाच होता. मग धांदलीने खिसे चाचपत त्याने शंभर येनचं नाणं काढलं, बाह्या सरसावल्या आणि मशीनकडे झेपावला.

मिनेको मशीनसमोरच्या स्टुलावर आधीच बसली होती. तिने त्याच्यापुढे हात पसरला.

"द्या ते इकडे. अकरा वर्षं आम्ही तुतारी वाजली की तार काढायचो आणि पुढचा बोर्ड घ्यायचो."