कोरी राहिलेली चार कार्डं

“चार कार्डं कोरी आहेत,” संपादकबाई म्हणाल्या, “आणि छापखान्याला पानं सोमवारी हवीत.”

बोलत होत्या घरातल्या सुनेशी, पण बघत होत्या खुर्चीतल्या तिच्या सासऱ्यांकडे. इंग्रजी-रशियन शब्दकोशाचं काम अठरा वर्षं एकट्यानं ओढणारा हा माणूस. तीन महिन्यांपूर्वी झटका आला, उजव्या अंगातला जोर गेला आणि वाचाही गेली. ‘अन’नं सुरू होणारे इंग्रजी शब्द तेवढे मागे राहिले होते. ते आज पुरे झाले नाहीत तर कोश दुसऱ्या प्राध्यापकांकडे जाणार होता आणि मुखपृष्ठावर नावही त्यांचंच लागणार होतं.

“आज होतील की,” सून म्हणाली. ती कपडे दुरुस्त करून द्यायची. खोलीच्या अर्ध्या भागात तिचं शिवणयंत्र, उरलेल्या भागात सासऱ्यांच्या कार्डांचे खोके.

“पण सरांना बोलता येत नाही ना?”

“आपल्या भाषेत नाही येत. पाणी हवं असलं तरी चमचा वाजवतात. पण एखादी गोष्ट त्यांच्यासमोर केली ना, की तिचा रशियन शब्द बरोबर तोंडात येतो. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. आणि बाबांची रीतच ती, करून बघितल्याशिवाय शब्द कार्डावर उतरवायचा नाही. ‘अनलोड’साठी एकदा बाजारात जाऊन आख्खा ट्रक रिकामा करायला लागले होते. मग आठ दिवस पाठ शेकत बसले.”

“तुम्हाला रशियन येतं?”

“छे! ओ की ठो कळत नाही. ऐकू येईल तसं आपल्या अक्षरांत लिहून ठेवते. एकशे बारा झाले असे.”

संपादकबाईंचा विश्वास बसला नाही. त्यांनी उभा जन्म रशियन शिकवण्यात घालवला होता आणि दुसऱ्याच्या कोशातून उतरवून आणणारे विद्यार्थी त्यांना पैशाला पासरी भेटले होते. “मग माझ्यासमोर करा,” त्या म्हणाल्या.

पहिलं कार्ड ‘अनटाय’. सुनेनं दुरुस्तीला आलेल्या कपड्यांचं गाठोडं पुढं ओढलं आणि त्याची गाठ सोडली.

“राझव्याझात,” सासरे म्हणाले. आवाज घोगरा, पण उच्चार असा की संपादकबाई खुर्चीत सरसावून बसल्या.

दुसरं ‘अनबटन’. सून त्यांच्या कोटाला हात लावायला गेली, तो त्यांनी बाजूला सारला. डाव्या हातानं स्वतःच वरचं बटण धरलं. ते निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. सुनेचा हात शिवशिवत होता, दिवसाला शंभर बटणं लावणारा हात तो, पण तिनं तो मागेच ठेवला. बटण काजातून बाहेर आलं आणि मगच शब्द आला, आधी नाही. “रास्तिग्नूत.”

तिसरं ‘अनपॅक’. सुनेनं खोलीभर नजर फिरवली. घरातली एकही पिशवी भरलेली नव्हती. “बाई, रागावू नका हं,” असं म्हणत तिनं संपादकबाईंची बॅग उचलली आणि त्या ‘अहो, थांबा’ म्हणेपर्यंत एकेक वस्तू काढून टेबलावर मांडलीसुद्धा. दोन चष्मे, खोकल्याच्या गोळ्या, अर्धा बिस्किटांचा पुडा आणि एक बंद पाकीट. त्याच्यावर त्या दुसऱ्या प्राध्यापकांचं नाव टाइप केलेलं होतं. पत्र तयारच होतं तर.

सासऱ्यांना आता वाचता येत होतं की नाही कोण जाणे, पण नाव तर जुन्या ओळखीचं. ते पाकिटाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी संपादकबाईंकडे पाहिलं आणि जरासुद्धा राग न आणता म्हणाले, “रास्पाकवात.”

संपादकबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. पुढ्यात आपल्या हकालपट्टीचं पत्र पडलंय आणि हा माणूस कार्ड पुरं करतोय!

चौथं कार्ड सुनेनं वाचलं आणि ती अडली. “अनअफ्रेड. न घाबरणारा. आता हे कसं करून दाखवायचं?”

“राहू द्या,” संपादकबाई घाईघाईनं म्हणाल्या. “मला येतो हा शब्द. मी भरते.”

सासऱ्यांनी चमचा उचलून टेबलावर आपटला. नाही म्हणजे नाही! मग डावा हात खुर्चीच्या दांडीवर रोवून ते उठू लागले. तीन महिन्यांत ते आधाराशिवाय एकदाही उभे राहिले नव्हते. सून धावली आणि मागून दोन्ही काखांत हात घालून तिनं त्यांना सावरलं. ते उभे राहिले, पण तोंडातून शब्द काही आला नाही. ते वाट बघत होते.

सुनेच्या लक्षात आलं. “बाबा, सोडू?”

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

“पडलात तर?”

त्यांनी पुन्हा तशीच मान हलवली, सोड म्हणून.

“सोडलं हं.”

म्हातारा झुलला. उजवा पाय लटपटला, डावा टिकला. मग हनुवटी वर झाली.

“बिस्त्राश्नी.”

संपादकबाईंनी ते कार्ड स्वतःच्या हातानं लिहिलं, खाली तारीख घातली. “सर, बसा आता” म्हणायला त्यांनी डोळे वर केले, तेव्हा त्यांना सून दिसली. सासऱ्यांच्या पाठीमागे ती श्वास रोखून उभी होती आणि तिचे दोन्ही हात, त्यांच्या अंगापासून चार बोटांवर पसरलेले, कोपरापर्यंत थरथरत होते.