मधलं वाक्य

सभ्य मेलने आजवर कोणाचंही वाईट झालेलं नाही. कंपनीच्या पत्रव्यवहार-शिष्टाचार पुस्तिकेचं हे पहिलं वाक्य. ते लिहिणारे गृहस्थ आज सकाळपासून स्वतःला आलेला मेल पुन्हा पुन्हा वाचत बसले होते. आपली नोकरी राहिली की गेली, हे त्यांना त्यातून कळत नव्हतं.

ऑफिसात पाठीमागे सगळे त्यांना 'कृपया सर' म्हणत. मेल आणि मेसेज कसे लिहावेत हे लोकांना शिकवणं, हेच त्यांचं काम. उद्गारचिन्ह म्हणजे ओरडणं. 'तातडीचे' लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या दारावर लाथ मारणं. न विचारता फोन करू नये, न कळवता केबिनमध्ये शिरू नये. वाईट बातमी मधल्या वाक्यात ठेवावी, तिला दोन्ही बाजूंनी उशी द्यावी आणि 'नाही' हा शब्द कुठेही येऊ देऊ नये.

'आपल्या योगदानाबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. बदलत्या रचनेत आपल्या भूमिकेचा नव्याने विचार करण्यात आला आहे. पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा.' एवढाच मेल. तिन्ही वाक्यं पुस्तिकेतून जशीच्या तशी उचललेली. मधलं वाक्य कृपया सरांनी मुळात माणसं काढण्यासाठी रचलं होतं. नंतर बढतीसाठीही तेच सुचवलं. ज्यांना बढती मिळाली नाही, त्यांच्या नजरेस ते पडलं तर त्यांचं मन दुखावू नये, म्हणून.

एरवी धीर धरता आला असता. पण बायकोने वाचनालयातली नोकरी सोडायचं ठरवलं होतं आणि तिचा राजीनामा आज पाच वाजता मंजूर व्हायचा होता. तिच्या आईला दिवसा एकटं ठेवणं आता शक्य नव्हतं. सासूबाई राहायलाच आल्या होत्या, पण बॅग अजून उघडली नव्हती. 'सगळं पक्कं होऊ दे, मग लावते कपाटात,' म्हणायच्या आणि लागेल ती वस्तू बाहेरच्या कप्प्यात हात घालून काढायच्या. यांची नोकरी गेली असेल, तर बायकोला राजीनामा पाचच्या आत मागे घ्यावा लागणार होता. मग सासूबाईंची रवानगी वृद्धाश्रमात. तिथली एक खाट 'लागलीच तर' म्हणून सांगून ठेवलेली होती.

जेवणाच्या सुट्टीत बायकोचा फोन आला. न विचारता.

"अहो, नोकरी आहे की गेली? एवढंच सांगा."

"असं सरळ सांगता येण्यासारखं..."

"मग वाकडं सांगा. पण पाचच्या आत सांगा."

मेल त्यांच्या साहेबांकडून आला होता. कृपया सरांनी त्यांना मेल करून भेटीची वेळ मागितली. उत्तर पापणी लवायच्या आत आलं: 'आपला संदेश मिळाला. आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे.' हे आपोआप जाणारं उत्तरही त्यांचंच होतं. काचेपलीकडे साहेब केळं सोलत होते. दोघांची नजरानजर झाली. साहेबांनी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सौम्य स्मित केलं आणि खुर्ची वळवली.

साडेचार वाजून गेले तेव्हा कृपया सर उठले आणि दार न वाजवता आत शिरले. बाहेर माना वर झाल्या. कुणीतरी हळूच 'कृपया' म्हणालं आणि दोघं-तिघं खुसखुसले.

साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. वर साहेबांचं नाव, खाली तीच तीन वाक्यं.

"सकाळी मला वरून हे आलं," साहेब म्हणाले. "सोबत सूचना होती, की नाव बदलून तुम्हालाही पाठवा. पाठवलं."

"पण वाचून तुम्हाला काय वाटलं?"

"मी तुमचीच वाट बघत होतो. म्हटलं, यांनी लिहिलंय, यांना कळेल."

दोघांनी मिळून मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिथल्या गोड आवाजाने कृपया मेल करावा अशी विनंती केली. तेवढ्यात कृपया सरांचा फोन वाजला. पाचला थोडाच अवकाश होता. पलीकडे वाचनालयाच्या समितीचे सेक्रेटरी घसा साफ करत असलेले ऐकू येत होते.

"बोला," बायको म्हणाली.

'मला माहीत नाही' असं त्यांना सांगायचं होतं. जीभ तिथवर गेलीसुद्धा. पण इतक्या वर्षांची सवय आडवी आली.

"एकंदर चित्र आशादायक आहे," ते म्हणाले.

"कळलं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा ती वृद्धाश्रमाशी फोनवर बोलत होती. काय झालं, असं त्यांनी विचारलं.

"घेतला राजीनामा मागे," ती म्हणाली. "बाबा गेले तेव्हा तुम्ही फोनवर काय म्हणाला होतात? 'बाबांना आता बराच आराम आहे.' मी त्यांच्यासाठी पेज घेऊन दवाखान्यात पोचले होते. तुमचं 'आशादायक' मला कळतं."

सासूबाई खाटेवर बसून ऐकत होत्या. उशाखालचा चष्मा काढून त्यांनी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी कृपया सरांच्या कार्डाने ऑफिसचं दार नेहमीसारखंच उघडलं. टेबलावर नवी पाटी होती. बढती झाली होती. पगार तोच होता.

त्यांनी लगेच घरी फोन केला. न विचारता. वृद्धाश्रमाची गाडी येऊन गेली होती. आवराआवरीला वेळ लागला नव्हता, कारण बॅग भरलेलीच होती.