मागल्या दारचं ताट

"सासूला कायद्यानं जवळची नातेवाईक धरत नाहीत, आजी," अवयवदान समितीचे साहेब म्हणाले. "सुनेला किडनी द्यायची तर तुमची माया आहे, हे आम्हाला पटायला हवं. दोघींचा एखादा फोटो?"

हौसाबाईंनी पिशवी चाचपली. लग्नातला एकच होता, आणि त्यात त्यांचंच तोंड फुगलेलं.

"बरं, जेवता तरी एकत्र?" साहेबांनी सुनेला, शैलाला विचारलं.

शैलाला खोटं बोलता येत नसे. "नाही. मी आजारी पडल्यापासून ह्या आपलं ताट घेऊन मागल्या दारी बसतात. तीन वर्षं झाली."

साहेबांचं पेन थांबलं. पोरीनं घात केला, असं हौसाबाईंच्या मनात आलं.

"का हो आजी?"

"आता काय सांगू! भाकरी कोरडी असती, पान्याबिगर घास उतरत न्हाई. हिला डाक्टरनं दिसाला अर्धा लिटरच पानी ठरवून दिलंय, त्यातलं निम्मं गोळ्यांनाच जातंय. माझा तांब्या बघून पोरगी नुसती आवंढे गिळायची. मग मीच उठले तिथनं."

घरातलं असं चारचौघांत सांगावं लागलं म्हणून त्या चिडल्याच होत्या. शैलानं तोंडाला पदर लावला. साहेबांनी टेबलावरचा आपला पाण्याचा ग्लास गुपचूप खाली ठेवला आणि सही केली.

बाहेर आल्यावर शैलानं कूलरमधून ग्लास भरून सासूपुढे धरला.

"आत्याबाई, सकाळपासून घोटभर पाणी घेतलेलं नाही तुम्ही. प्या. इथंच, माझ्यासमोर."