शशिकला टॉकीजचं मध्यंतर

बॅग उचलून मृणाल नवऱ्याला “मी कायमची निघाले” असं ओरडून म्हणाली, आणि घरातले दिवे हळूहळू उजळले.

शशिकला टॉकीज न पाडता तिच्यात घरं केली, तेव्हा भिंतींना शहाणा गिलावा दिला होता. ऊन, वारा, वीज सगळं भिंतीच बघत. जुनी खोड तेवढी राहिली. आवाज चढले, की गोष्ट रंगात आली असं समजून इमारत मध्यंतर करी. दारं उघडत, जिन्यात तळणीचा वास दरवळे.

“चल, वडा खाऊ,” दिगंबर म्हणाला.

“मी निघालेय!”

“मध्यंतरात? शेवट न बघता?”

खाली शेजारी आधीच वडे खात, आपापली भांडणं विसरून उभे होते. मृणालने क्षणभर विचार केला. मग जागा धरायला बॅग खुर्चीवर ठेवून ती खाली उतरली.