कचऱ्यातली हरकत

"ईमेल-जाहिरातींच्या कायद्याच्या मसुद्यावर तुमची हरकत आलेलीच नाही. मुदत काल संपली," अधिकारी लॅपटॉपवरून नजर न उचलता म्हणाले.

धामणस्करबाई खुर्ची ओढून ठाण मांडून बसल्या. लेकीचं मुलाखतीचं बोलावणं जाहिरातींच्या ईमेलखाली गाडलं गेलं, तेव्हापासून त्यांनी या कायद्याचा पिच्छा पुरवला होता. आधी विचारा, मग जाहिरात पाठवा, एवढंच त्यांचं मागणं. मसुदा मात्र म्हणत होता, ज्याला नको त्यानेच कळवावं.

"स्पॅममध्ये बघा."

"अहो बाई, तिथे नुसता कचरा असतो."

"बघा तर!"

साहेबांनी वैतागून स्पॅम उघडलं. स्वस्त कर्ज, टकलावर केस, थायलंडची सहल... आणि मधोमध, गेल्या आठवड्यातली बाईंची हरकत.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला.

"हे जे झालं ना साहेब, तीच माझी हरकत," बाई म्हणाल्या. "घ्या नोंदवून."